कुटुंबप्रमुखाचं नाव

‘फॅमिली की बॅचलर?’ घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा असो नाहीतर डोंबिवलीच्या बाजूचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा, भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसाला एजंट आधी हे विचारतो. बजेटचा विषय नंतर निघतो. दोन्ही मानपाडे एकाच जिल्ह्यातले असले तरी त्यांची घडण वेगळी. ठाण्याचा मानपाडा येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी आहे. तिथे क्लब हाऊस आणि पोहण्याचा तलाव असलेले मनोरे आहेत, आणि त्यांच्यात घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या चाळीही जवळच आहेत. डोंबिवलीकडचा मानपाडा एमआयडीसीच्या शेजारचा. जुनी गावठाणं, परवानगीचा पत्ता नसलेल्या चार-पाच मजली इमारती आणि थोडं पुढे गेलं की नवी टाऊनशिप. मेट्रोचं काम दोन्हीकडे. एजंटचा प्रश्नही दोन्हीकडे तोच.

या प्रश्नाला उत्तरं दोनच. नवरा-बायको-मुलं असतील तर अकरा महिन्यांचा करार होतो, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद होते, सामान चढतं. एकटा पुरुष असेल तर सोसायटीच्या कमिटीची परवानगी लागते. एकटी बाई असेल तर चौकशा वाढतात. दोन पुरुष किंवा दोन बाया असतील तर ‘ऑफिसमधले मित्र’, ‘मावसबहिणी’ अशी काहीतरी सोय बोलण्यात करून ठेवावी लागते. तृतीयपंथी व्यक्ती असेल तर एजंटचा फोन लागेनासा होतो. शहरातली आर्थिक विषमता आणि लैंगिकता हे विषय विद्यापीठात वेगवेगळ्या पेपरांत शिकवतात, पण भाड्याच्या घराच्या दारात ते एकदमच समोर येतात. ज्याच्याकडे स्वतःच्या नावावरचा फ्लॅट आहे त्याला कमिटीपुढे नातं सिद्ध करावं लागत नाही. ज्याच्याकडे डिपॉझिटपुरतेच पैसे आहेत त्याला करावं लागतं.

मग शहराचा अभ्यास हेच ज्यांचं काम, त्या समाजशास्त्रज्ञांना हे कधी दिसलं? बऱ्याच उशिरा. त्याचं एक कारण त्यांच्या हातातल्या फॉर्ममध्ये होतं.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचं खातं १९१९ मध्ये सुरू झालं ते पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराच्या हाताखाली. म्हणजे महाराष्ट्रात हा विषय जन्मला तोच शहराचं बोट धरून. १९२४ मध्ये खातं आलं गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. मालवणात जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले घुर्ये १९५९ पर्यंत तिथे होते. जात, नातेसंबंध, आदिवासी, साधू, शहरं असा अफाट पसारा त्यांनी हाताळला आणि विद्यार्थीही तसेच घडवले. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. कोण कोणाला काय म्हणतं, कोणाचं लग्न कोणाशी होतं, सून कुठून येते याची इतकी बारकाईने मांडणी आजही वाचणाऱ्याला थक्क करते. पण ही सगळी मांडणी लग्नाभोवती फिरते. लग्न न करणारा माणूस त्या नकाशात असलाच तर संन्यासी म्हणून.

घुर्यांचे दुसरे नावाजलेले विद्यार्थी अ. र. देसाई. मार्क्सवादी, कामगार आणि किसान चळवळींशी जोडलेले. त्यांनी खात्याची नजर झोपडपट्टीकडे वळवली. एस. देवदास पिल्ले यांच्यासोबत त्यांनी १९७० आणि १९७२ मध्ये झोपडपट्टीवर दोन पुस्तकं काढली. झोपडपट्टी हा शहराला आलेला फोड नसून शहर ज्या पद्धतीने श्रम वापरतं त्याचा तो परिणाम आहे, ही दृष्टी तिथून पुढे रुजली. ‘बकाल वस्ती’ या शब्दावर काम भागवणाऱ्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

शहरी पाहणीचं एकक मात्र पुढेही बहुधा घरच राहिलं. घरटी एक प्रश्नावली, पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली इतरांची नावं आणि प्रमुखाशी त्यांचं नातं. यात वाईट हेतू काही नाही. चूल एक असेल तर उत्पन्न आणि खर्च एकत्र मोजता येतात, नमुना निवडणं सोपं जातं, पुढच्या पाहणीशी तुलना करता येते. सरकारलाही हेच एकक सोयीचं. रेशनकार्ड कुटुंबाला मिळतं आणि झोपडपट्टी पुनर्वसनातली सदनिकाही झोपडीमागे एक. पण ज्याला घराने बाहेर काढलं किंवा जो स्वतःच निघून गेला, त्याची ओळ या फॉर्ममध्ये कुठेच येत नाही. तो गावाकडच्या फॉर्ममधून गळतो आणि शहरातल्या फॉर्ममध्ये शिरत नाही.

तृतीयपंथीयांची मोजणी कधीच झाली नव्हती असं मात्र नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग खास त्यांच्यासाठी होता. पोलिसांनी त्यांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवायची, बायकांचा पोशाख करून रस्त्यावर नाचलं-गायलं तर शिक्षा. म्हणजे नोंद झाली ती पोलिसांच्या वहीत. जनगणनेत स्त्री-पुरुषांपलीकडचा रकाना स्वतंत्र मोजला गेला तो थेट २०११ मध्ये. देशभरात ४,८७,८०३ लोक ‘इतर’ म्हणून नोंदले गेले, महाराष्ट्रात ४०,८९१. या गटातली साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, देशाची सरासरी ७३.

या आकड्यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. ‘इतर’ म्हणून नोंदलेल्यांपैकी ५४,८५४ मुलं सहा वर्षांपर्यंतची होती. एवढ्या लहान मुलाने स्वतःची ओळख सांगितली असण्याचा प्रश्नच नाही. ती सांगितली घरातल्या मोठ्यांनी, किंवा प्रगणकाने आपल्या समजुतीने लिहिली. मुलाबद्दल जे घडलं तेच मोठ्यांबद्दलही घडलं असणार. प्रगणक दारात येतो, उत्तरं घरातला कर्ता देतो. वीस वर्षांच्या मुलाला मुलगी म्हणून जगायचं आहे हे बापाने जनगणनेच्या बाईंना सांगावं, अशी अपेक्षा कोण करेल? त्यामुळे ४०,८९१ हा आकडा भाषणात फेकण्यापूर्वी जरा थांबलेलं बरं. तो कुटुंबांनी मान्य केलेल्यांचा आणि कुटुंबाबाहेर हिजड्यांच्या डेऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा आहे. मधले लोक त्यात नाहीत, आणि मधलेच जास्त असण्याची शक्यता आहे.

खात्याबाहेर मात्र हा विषय पूर्वीपासून बोलला जात होता, आणि बोलणारे लोक भलत्याच विषयांचे होते. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, संकोच न करता उत्तरं असत. १९३४ मध्ये अशा उत्तरांवरून खटला झाला तेव्हा कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, पण मासिक सुरू राहिलं. पुढे १९७७ मध्ये भारतातल्या समलिंगी लोकांवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक आलं. लेखिका कोण? शकुंतलादेवी. आकडेमोडीच्या विक्रमांसाठी जगाला ठाऊक असलेल्या त्याच. १९९० मध्ये अशोक राव कवी या पत्रकाराने मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. दोन गणिती आणि एक पत्रकार. समाजशास्त्राचे प्राध्यापक या यादीत शोधावे लागतात.

त्यांच्या मौनाला कायद्याचीही साथ होती हे खरं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम अमलात असताना संशोधनाला निधी मागायचा कोणाकडे, आणि मुलाखत देणाऱ्याला संरक्षणाची हमी द्यायची कशी? निधी आला तो एड्सच्या निमित्ताने. त्यामुळे नव्वदच्या दशकातला बराच अभ्यास ‘जोखीम असलेला गट’ या भाषेत झाला. माणूस कुठे झोपतो यापेक्षा कोणाबरोबर झोपतो याची माहिती जास्त जमली.

बायकांवर तेवढाही पैसा खर्च झाला नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेतून, म्हणजे टिसमधून, २००३ मध्ये बीना फर्नांडिस आणि गोमती एन. बी. यांचा लेस्बियन स्त्रियांना सोसाव्या लागणाऱ्या हिंसेवरचा अभ्यास आला. तो वाचताना कळतं की या हिंसेची मुख्य जागा रस्ता नसून घर आहे. फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं, घाईने लग्न ठरवणं, डॉक्टरकडे नाहीतर बाबाकडे नेणं. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, मुंबईच्या लेबिया या गटाने जन्माच्या वेळी मुलगी ठरवल्या गेलेल्या पन्नास जणांच्या आयुष्यकथांवर अहवाल काढला. त्याचं पुस्तक २०१५ मध्ये झालं. करणाऱ्यांपैकी चयनिका शाह मूळच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिका. पुन्हा तेच! पन्नास हा आकडा पाहणीवाल्यांना किरकोळ वाटेल. पण घर, शाळा, नोकरी, सार्वजनिक जागा अशा प्रत्येक ठिकाणी एकाच माणसाचं काय होत गेलं, हे दोन हजार प्रश्नावल्यांतून कळलं नसतं.

परदेशात नेमक्या याच प्रश्नावर समाजशास्त्रज्ञांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. मॅन्युएल कास्टेल्स या स्पॅनिश समाजशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतली समलिंगी पुरुषांची वस्ती नकाशावर काढली. १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात ती आहे. एका पत्त्यावर एकाहून अधिक प्रौढ पुरुष कुठे राहतात, हे त्यांनी मतदार नोंदणीतून शोधलं. जोडीला बारचे पत्ते आणि हार्वे मिल्क या उघडपणे समलिंगी असलेल्या नेत्याला कुठल्या भागातून मतं पडली याची माहिती घेतली. तिन्ही नकाशे बऱ्याच अंशी जुळले. आता हीच युक्ती भिवंडीला लावून बघा. एका खोलीत आठ-दहा पुरुष, पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, यंत्रमागावर काम करणारे. कास्टेल्सच्या हिशेबाने ती जगातली सर्वांत मोठी समलिंगी वसाहत ठरेल. आपल्याकडे एकत्र राहणारे पुरुष गरिबीची खूण असतात. दोन पुरुषांनी स्वतःच्या इच्छेने वेगळा फ्लॅट घेणं ही इथे आधी पगाराची गोष्ट आहे.

मुंबई महानगरात समलिंगी लोकांचा असा मोहल्ला झालाच नाही. इथे लोकलगाडी आणि स्टेशनं होती. रा. राज राव यांच्या ‘द बॉयफ्रेंड’ या २००३ च्या कादंबरीतली भेट चर्चगेट स्टेशनवर होते. एक इंग्रजीत लिहिणारा पत्रकार आणि एक दलित तरुण. पुढची सगळी कादंबरी या दोघांमधल्या जात आणि पैशाच्या अंतराची आहे. राव पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवत आणि समलिंगी साहित्याचा अभ्यासक्रम तिथे आणण्यासाठी ते झगडले. हे कामही साहित्याच्या खात्यातून झालं.

अशा जागांवर संशोधन करायचं तर पथ्यं कोणती? लॉड हम्फ्रीज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं उदाहरण पद्धतिशास्त्राच्या वर्गात यासाठी हमखास येतं. सेंट लुईसमधल्या बागांतल्या शौचालयांत भेटणाऱ्या पुरुषांचा त्यांनी अभ्यास केला. गाड्यांचे नंबर गुपचूप टिपले, त्यावरून पत्ते काढले आणि वर्षभराने वेषांतर करून, आरोग्य पाहणीच्या नावाखाली, त्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारले. १९७० मध्ये पुस्तक आलं. त्यातले निम्म्याहून अधिक पुरुष विवाहित होते. फसवून माहिती घेतल्याबद्दल हम्फ्रीजवर आजही टीका होते आणि ती योग्यच आहे. पण त्यांच्या निष्कर्षाने घरटी पाहणीची गोची उघड झाली. ही माणसं घरात होती, फॉर्ममध्ये होती, कुटुंबप्रमुख म्हणून पहिल्याच ओळीत होती. प्रश्नावलीला ती दिसली नव्हती, एवढंच.

मुंबईत घराऐवजी रस्त्याला एकक मानण्याचं काम नीटपणे केलं ते शिल्पा फडके यांनी. त्या समाजशास्त्रज्ञ, टिसमध्ये शिकवतात. ‘पुकार’ या संस्थेच्या लिंगभाव आणि जागा या प्रकल्पात त्यांनी पत्रकार समीरा खान आणि वास्तुरचनाकार शिल्पा रानडे यांच्यासोबत मुंबईतले रस्ते, स्टेशनं, बागा, मॉल आणि शौचालयं पाहिली. त्यावरचं पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. नाक्यावर पुरुष तासन्‌तास काही न करता उभा राहतो. बाई उभी असेल तर तिच्या हातात पिशवी, कानाला फोन किंवा सोबत मूल असतं. आपल्याला काहीतरी काम आहे हे तिला सतत दाखवावं लागतं. संध्याकाळी साडेसातला डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर पाच मिनिटं थांबलं तरी हे कोणालाही पडताळता येईल. रिक्षाच्या रांगेत बायका आहेत, भाजीच्या गाडीपाशी आहेत. पानाच्या टपरीला टेकून उभी असलेली एकही सापडणार नाही. फडके आणि सहकाऱ्यांचा पुढचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. बाईच्या सुरक्षिततेच्या नावाखाली फेरीवाला, बेकार तरुण, मुसलमान पोरं यांना रस्त्यावरून हटवायचं, हा सौदा त्यांनी नाकारला. निरर्थक भटकण्याचा हक्क सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही.

हा मुद्दा तृतीयपंथीयांना लावला की चित्र आणखी तीव्र होतं. सार्वजनिक जागेत त्यांचं असणं हेच गैर धरलं जातं. गाडीत टाळी वाजवून पैसे मागण्याला त्यांच्या भाषेत मंगती म्हणतात. बारशाला-लग्नाला जाऊन आशीर्वाद देणं म्हणजे बधाई. मंगतीवर १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याचा बडगा आहे. त्याच गाडीत क्लिपा आणि रुमाल विकणाऱ्या बायकाही असतात. फेरीवाल्यांच्या बाबतीत समाजशास्त्राने खरोखर फरक पाडला. मुंबई विद्यापीठात आणि नंतर टिसमध्ये शिकवणारे शरित भौमिक यांनी शहरोशहरीच्या फेरीवाल्यांचा अभ्यास केला. त्यातून राष्ट्रीय धोरणाच्या चर्चेला बळ मिळालं आणि मार्च २०१४ मध्ये फेरीवाल्यांचा कायदा झाला. पुढच्याच महिन्यात, १५ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. गंमत अशी की फेरीवाल्यांचा कायदा रेल्वेच्या हद्दीला लागूच नाही. कल्याणहून सुटलेल्या गाडीत क्लिपावाली आणि मंगतीवाली, दोघीही कायद्याबाहेरच.

नालसा खटल्यात बाजू मांडणाऱ्यांपैकी लक्ष्मी नारायण त्रिपाठी या ठाण्याच्या. त्यांचं मराठी आत्मकथन ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये आलं. त्यातली एक बाब समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावी अशी आहे. लक्ष्मी यांनी गुरू केला, हिजडा समाजात गेल्या, पण आईवडिलांचं घरही सुटलं नाही. घरच्यांनी त्यांना तोडलं नाही. गुरू-चेला हे नातं बाहेरून वाटतं तसं केवळ धंद्याचं नसतं. गुरू आसरा देतो, चेल्याच्या कमाईत वाटा घेतो, आजारपण बघतो, दंडही करतो. गुरूच्या गुरूला नानी म्हणतात. घराणी आहेत, नायक आहेत, वारसा आहे. इरावतीबाईंनी ज्या कसोशीने नात्यांची नावं गोळा केली, तसं काम करण्याजोगी ही अख्खी नातेव्यवस्था आहे. या नात्यांचे फार गोडवे गाण्याचंही कारण नाही. चेल्याचं शोषण तिथेही होतं, आणि घराने टाकलेल्या मुलाला जाण्यासाठी दुसरी जागा नसते हे त्या शोषणामागचं मोठं कारण असतं.

वर्गात हा विषय आता येतो. टिसमधल्या केतकी रानडे यांचं शहरी भारतात समलिंगी म्हणून वाढण्यावरचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. समलिंगी असण्याला रोग न मानता समुपदेशन कसं करायचं, हेही त्यांच्या कामाचं क्षेत्र. त्याच वर्षी टिसच्या मुंबईतल्या आवारात वसतिगृहाचा एक भाग स्त्री-पुरुष भेदाविना खुला झाला आणि ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा फास सोडवला. एक तक्रार मात्र उरते. हे लेखन बहुतेक इंग्रजीत आहे आणि त्यातलं मुंबई शहर कांदिवलीच्या फार पुढे जात नाही. मराठीत पुण्याच्या समपथिक ट्रस्टच्या बिंदुमाधव खिऱ्यांनी एकहाती पुस्तकं लिहिली. पण कल्याणच्या पलीकडून रोज दीड-दोन तास प्रवास करणाऱ्या, आईवडिलांसोबत वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या, ज्याला स्वतःची खोलीच काय पण स्वतःचं कपाटही नाही अशा मुलाचं समाजशास्त्र अजून कोणीतरी लिहायला हवं.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. मात्र रेशनकार्ड, बँक खातं अशा व्यावहारिक अडचणी पाहण्यासाठी केंद्राची समिती नेमण्याचं त्यात ठरलं. त्यातून २०२४ मध्ये ज्या सूचना निघाल्या, त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं. रेशनकार्डापुरतं अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरावं, असं केंद्राने राज्यांना कळवलं. पहिल्या सूचनेची बातमी मोठी झाली, कारण ती ज्यांच्या उपयोगाची आहे ते वर्तमानपत्र वाचतात आणि काढतातही. दुसरी कुठल्या तरी आतल्या पानावर राहिली. पण विषमतेच्या अभ्यासकाने पाठपुरावा करावा तो दुसरीचा. एजंटने नाकारल्यावर डोंबिवलीकडच्या चाळीत खोली घेतलेल्या दोघींना संयुक्त खात्यापेक्षा महिन्याच्या गहू-तांदळाची गरज जास्त आहे. अर्ज शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीवर द्यायचा आहे. त्या दोघींपैकी एकीला कुटुंबप्रमुख म्हणून आपलं नाव लिहावं लागेल, आणि खालच्या ओळीत दुसरीचं नाव, वय आणि नातं.